आठ माडांची पदविका

समस्त ग्रामस्थ, सगेसोयरे आणि किनाऱ्यावरचे तमाम माड यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सदर लेखिका समाजसेवेची दोन वर्षांची पदविका रीतसर उत्तीर्ण झाली असून, त्या कामी एकंदर आठ माड खर्ची पडले आहेत. पैकी एकही तोडलेला नाही. सगळे आमच्याच परड्यात, आपापल्या जागी उभे आहेत. फक्त त्या काळात ते आमचे नव्हते.

ही घोषणा मी साठ सालानंतर लगेचच, मालवणच्या भर बाजारात उभी राहून करायला हवी होती. पण तेव्हा अंगात त्राण नव्हतं. आता पन्नाशी जवळ आल्यावर करते आहे.

माड गहाण ठेवायची आमच्याकडची रीत सोपी होती. सावकाराने रोख रक्कम द्यायची आणि व्याजाऐवजी माडांचे नारळ उतरवून न्यायचे. मुद्दल एकरकमी परत केलं की माड सुटले. थोडंथोडं फेडणं चालत नसे. आणि ठरलेल्या चवथीपर्यंत, म्हणजे गणपती येईपर्यंत, मुद्दल आलं नाही तर माड कायमचे त्याचे. वडील गेल्यावर आईपाशी घर सोडून एवढीच काय ती मिळकत होती. ती तिने बाजारातल्या एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे गहाण टाकली आणि मला कोल्हापूरला शिकायला धाडलं. व्यापाऱ्याला ती भाऊ म्हणायची.

दुपारी कधीतरी परड्यात धप्पकन आवाज व्हायचा. आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "भाऊचो पडलो गो." मग जाऊन तो नारळ उचलायची आणि पडवीच्या कोपऱ्यात भाऊंच्या ढिगावर ठेवायची. आमच्या ताटात फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाविना, नुसत्या आमसुलाची. माडांच्या सावलीत बसून आम्ही ती भुरकत असू.

नोकरी मात्र लगेच लागली. समाजसेविका, आरोंद्याच्या बाजूला, खाडीकाठच्या वाड्यांवर. पगार नव्वद रुपये. त्यातून खोलीचं भाडं, एसटी, तरीचे, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीचे, पैसे आणि दर पावसाळ्यात चिखलात रुतून बसणाऱ्या चपला. एका खांद्यावर तक्त्यांची गुंडाळी, दुसऱ्या खांद्यावर छत्री, अशी मी वाडीवाडीवर जाऊन सांगत फिरे, की मुलांच्या जेवणात ओलं खोबरं असू द्या. संध्याकाळी खोलीवर आले की पाय धुवायचंसुद्धा जिवावर येई. तशीच भिंतीला टेकून झोपून जाई.

एकदा बायकांच्या बैठकीत विषय होता, कर्ज कशासाठी काढावं. मी ऐटीत सांगितलं, "लग्नासाठी काढू नका, मुलींच्या शिक्षणासाठी काढा." पुढे बसलेली एक म्हातारी सुपारी कातरता कातरता म्हणाली, "बाय, तुझ्या शिक्षणाक किती लागले?"

आकडा सांगायची लाज वाटली. म्हटलं, "आठ माड."

"आणि पगारात म्हयन्याक किती माड सुटतत?"

"एकही नाही."

"अर्धो?"

"गे, अर्धो माड कसो सुटतलो?" दुसरी म्हणाली. "वयलो अर्धो सुटलो तर नारळ हिचे, खालचो सुटलो तर सावली हिची."

बैठक माझ्या हातून गेली ती गेलीच. माझा पगार म्हणजे नारळ किती, नारळातून जेवण वजा, चपला वजा, असा हिशेब त्या सगळ्याजणी मिळून मांडू लागल्या. शेवटी म्हातारीने निकाल दिला, "ह्येच्यापेक्षा माडाखाली बसून ऱ्हवली असतीस, तर फायद्यात होतीस." मीसुद्धा त्यांच्याबरोबर पोट धरून हसले. तरीत बसल्यावर मात्र हसू आलं नाही. म्हातारीचा हिशेब बरोबर होता आणि चवथीला चारच महिने उरले होते.

तेवढ्यात कळलं, की रेडीला खनिजाच्या कचेरीत बाई नेमायची आहे, पगार जवळजवळ दुप्पट. मी प्रमाणपत्र घेऊन तिथे गेले. तिथल्या साहेबांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, "यात समाज आहे, कुटुंब आहे, बालसंगोपनही आहे. टायपिंग कुठे आहे?"

टायपिंग नव्हतं. आठ माडांत ते बसलं नसावं.

भाऊंकडे मुदत मागायला गेले, तर त्यांनी बसायला पाट दिला, चहा दिला आणि गोड हसून म्हणाले, "चेडवा, सेवा शिकलंस मां? मगे माझी पण थोडी सेवा होऊन जांव दे. चवथीक पैसे घेऊन ये."

मग मी आमच्या नोकरांच्या पतपेढीत अर्ज टाकला. माझ्याइतकेच दमलेले दोन सहकारी जामीन राहिले. मंजूर झालेली रक्कम आणि माझ्याकडचे साठवलेले पैसे मिळून मुद्दल कसंबसं जुळलं. चवथीच्या आदल्या आठवड्यात मी ते भाऊंच्या हातावर ठेवलं. त्यांनी दोनदा मोजलं आणि माझ्या आईला निरोप धाडला, की आजपासून माड तुमचे.

मी घरी पोचले तेव्हा आईने पाडेल्याला बोलावूनही घेतलं होतं. तो नारळ पाडणारा गडी दोरीचा फास पायात अडकवून चौथ्या माडावर होता. खाली नारळ धपाधप पडत होते आणि आई दर धप्पला नुसती मान हलवत होती. मी पडवीत उभी राहून नाटकातल्यासारखे हात पसरले.

"आई, माड सुटले."

"हे सुटले, ता बरां झालां. पण पैसे खंयसून हाडलंस?"

"पतपेढीतून. दर महिन्याला पगारातून कापून घेतील."

"किती वर्सां?"

"पाच."

एक नारळ घरंगळत आईच्या पायाशी आला, तो तिने उचलला नाही.

"आणि पेढीक गहाण काय ठेवलंस?"

"काहीच नाही. मलाच."

माझ्या झिजलेल्या चपला, छत्री, तक्त्यांची गुंडाळी, सगळं तिने एकदा पाहून घेतलं. मग तिने मान वर करून माडावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"बरां, तुझ्यार चढूक पाडेली तरी लागूचो नाय."