पितरपाटात आलेली गाडी

माझ्या डाव्या पायात गुडघ्याखाली एक सळई आहे. बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळं गुडघा पुरता वाकत नाही आणि पाऊल मनासारखं वर-खाली होत नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं पडतो. कारचा क्लचही डाव्याच पायाखाली असतो. त्यामुळं तेरखेड्याच्या पुढं एका संध्याकाळी रानडुक्कर आडवं आलं आणि मी रस्त्यावर पडलो, त्या दिवसापासून माझं फिरणं बंद झालं.

आणि फिरणं हीच माझी नोकरी होती. एका दूध संघात मी सुपरवायझर. सकाळी ईटहून निघायचं, भूम-वाशी भागातली संकलन केंद्रं पालथी घालायची, कुणाची फॅट कमी लागली म्हणून त्याच्या शिव्या खायच्या, कुणी दुधात पाणी घातलं म्हणून त्याला आपण द्यायच्या, आणि घरातली जेवणं उरकल्यावर परत यायचं. पंचविशीपासून हेच चाललेलं. मी यायचो तेव्हा बायको ताट झाकून जागी असायची. आई मात्र पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेली. 'जेवलास का' म्हणून तिनं एकदाही डोकं वर केलं नाही. लोकांच्या आया दारात उभ्या राहतात म्हणे. आमच्या आईला आपली काही पडलेली नाही, असं मी हसत हसत चार लोकांत सांगायचो, आणि थोडं खरंही मानायचो.

दवाखान्यात माझा पाय बघणाऱ्या डॉक्टरांनीच गाडीचं सुचवलं. म्हणाले, "इलेक्ट्रिक कार घ्या. तिला क्लच नाही, गिअर नाही. सगळं काम उजव्या पायाचं, आणि तुमचा उजवा पाय ठणठणीत आहे." त्या दिवशी मी किती महिन्यांनी पोटभर जेवलो. घराच्या छतावर सोलर होतंच. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिनं हिशेब करून मान डोलावली. सोलापूरच्या एका शोरूमला जाऊन गाडी बुक केली. विकणारा पोरगा गोड होता. म्हणाला, "सर, महिनाभरात गाडी तुमच्या दारात."

दारात म्हणाला म्हणून आम्ही आधी दार मोठं केलं. कंपाऊंडची भिंत फोडून रुंद फाटक बसवलं. कंपनीचा माणूस येऊन ओट्याच्या भिंतीवर चार्जरचा डबा ठोकून गेला. त्यावर एक हिरवा दिवा लागायचा. संघातल्या साहेबांनाही मी छाती पुढं काढून सांगितलं, गाडी आली की माझा रूट माझ्याकडं द्या, तोवर कुणाला तरी तात्पुरतं फिरवा. साहेब म्हणाले, "बघू. नाहीतर तुम्हाला इथंच केंद्रावर बसवू, फोन घ्यायला." फोन घ्यायला बसवलेला माणूस पुन्हा कधी उठत नाही, हे मी संघात पाहिलेलं होतं.

महिना गेला. मग दुसरा गेला. कधी बॅटरी आली नव्हती, कधी ट्रान्सपोर्टवाल्यांचा संप होता, कधी मी सांगितलेला रंग कारखान्यात नव्हता. मी म्हटलं, बाबा रे, कुठलाही रंग दे, मला काय लग्नात उभी करायची आहे का? तर म्हणे, "सर, प्रोसेसमध्ये आहे." ही प्रोसेस कुठल्या गावात असते ते मला आजवर कळलेलं नाही.

बायको शाळेला गेली की घरात आई आणि मी. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत मी. घरातली दुपार किती लांब असते हे मला या वयात समजलं. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस फाटकापाशी थांबायचा आणि विचारायचा, "आली का गाडी?" पहिले काही आठवडे मी सगळी हकिगत सांगायचो. नंतर नुसती मान हलवायचो. पुढं पुढं तर माणूस लांबून दिसला की मीच ओरडायचो, "न्हाय आली!" त्या नव्या फाटकाचा शोध गल्लीतल्या शेळ्यांना लागला. फाटक उघडं दिसलं की आईच्या कढीपत्त्यावर तुटून पडायच्या. संघाचा सुपरवायझर काठी आपटत शेळ्या हाकायला लागला. लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून जळत होतो.

आई मात्र मजेत होती. हे मला तेव्हा खटकायचं. ती दुपारी माझ्यासमोर ताट ठेवायची, भाकरी चुलीवरून थेट ताटात. समोर बसून शेंगा निवडायची आणि माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. चार्जरच्या डब्याला तिनं कढीपत्त्याची, कोथिंबिरीची पिशवी अडकवायला सुरुवात केली होती. मी ओरडलो की म्हणायची, "रिकामाच हाय की रं तो. काय झिजतोय व्हय?"

आणि मग भाद्रपदात, पितृपंधरवडा लागल्या लागल्या, फोन आला.

"सर, अभिनंदन! तुमची गाडी आली. उद्या या घेऊन जायला."

मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची बाई धावत आली. आई स्वयंपाकघरात होती. वडिलांची तिथ त्याच आठवड्यात यायची होती, तिची तयारी चाललेली. ती हात पुसत बाहेर आली.

"काय झालं?"

"गाडी आली. उद्या आणायची."

"उद्या?" तिचा चेहरा उतरला. "पितरपाटात?"

आमच्याकडं पितरपाटात कुणी नवी वस्तू घरात आणत नाही. सोनं नाही, भांडं नाही, मग गाडीचं तर नावच नको. मलाही हे माहीत होतं, पण त्या क्षणी मी सगळे पितर विसरलो होतो. संध्याकाळी बायको आली तेव्हा घरात धुमश्चक्री चालू होती. आई एकच धरून बसली, "पंधरा दिसानं आण. तुझ्या बापाचं पान वाढायचं हाय या घरात. मला इपरीत काय बघायचं न्हाय." तिनं डोळ्याला पदर लावला. बायको मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "अहो, इतकं थांबलात. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

मी शोरूमला फोन लावला. पोरानं यादी बघितली. मग म्हणाला, "सर, गाडी अडवून ठेवता येत नाही. तुमच्या पुढच्या साहेबांनीही हेच सांगितलं. त्यांनी पितृपक्षात नको म्हटलं म्हणून तर तुमचा नंबर लागला."

गाडी लातूरच्या कुणा डॉक्टरला गेली. त्याला पितर नसावेत. पंधरवडा संपल्यावर मी रोज फोन करू लागलो, तर नवाच घोळ. ज्यांनी ज्यांनी पक्षात नको म्हटलं होतं त्या सगळ्यांना आता दसऱ्याला गाडी हवी होती. दसऱ्यानंतरच्यांना पाडव्याला. एकाच लॉटवर सगळा मराठवाडा आणि अर्धा सोलापूर जिल्हा तुटून पडलेला. मी त्या गर्दीत कितवा, हे पोरालाही सांगता येईना.

दसरा झाला. दिवाळीत तेरखेड्याचे फटाके आमच्या गल्लीत रात्रभर वाजले. संघातून साहेबांचा फोन आला. तात्पुरत्या पोराला रूटवर कायम केलंय, तुमच्यासाठी संक्रांतीनंतर केंद्रावर खुर्ची टाकतो, म्हणाले. मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला आणि खुर्चीतूनच आईवर ओरडलो, "तुझ्या पितरांनी मला या खुर्चीत गाडलंय! आता खूश हायेस ना?"

आई उठली. सुपातल्या शेंगा तशाच ठेवून आत गेली.

त्यानंतर मी बोलायचंच सोडलं. शोरूमला फोन करणं सोडलं, दाढी करणं सोडलं. शेळ्या आल्या तर येऊ दिल्या. कढीपत्ता त्यांनी बुंध्यापर्यंत खाल्ला. आपण या घरातच म्हातारे होणार, याच ओट्यावर, असं मनात पक्कं बसलं आणि मला त्याची भीती वाटायची. पाय मोडला तेव्हासुद्धा एवढी भीती वाटली नव्हती. दिवसभर मी त्या हिरव्या दिव्याकडं बघत बसायचो. आईनं त्यावर पिशवी अडकवणं कधी बंद केलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पौषात फोन आला. शोरूमचाच पोरगा, पण आवाजातला गोडवा ओसरलेला. "सर, गाडी आहे. उद्या घेणार असाल तर सांगा, नाहीतर पुढच्याला देतो."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. उद्या अमावस्या. 'उद्या गाडी?' म्हणून मी फोन कानाला धरून हसायला लागलो. बायको आईकडं बघत राहिली. आई चुलीपुढून उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "घेतो म्हण."

"उद्या अमावस्या हाय, आई."

"असू दे. घेतो म्हण त्याला."

मी तसं सांगितलं आणि फोन ठेवला. मग मात्र माझा तोल गेला. "अमावस्येला चालतंय, मग पितरपाटात का चाललं न्हाय?"

आई माझ्या पायांशी खाली बसली. "पितरपाटाचं काय घिऊन बसलास? तुझ्या बापानं आपली कपिली म्हैस पितरपाटातच आणली व्हती. आजा लई बोलला. पर तिनं दूध काय कमी दिलं व्हय?"

"मग तवा आडवी का आलीस?"

ती बराच वेळ माझ्या सळईच्या पायावरून हात फिरवत राहिली. "मला भ्या वाटत व्हतं रं. गाडी आली की तू पुन्हा त्या रस्त्याला लागणार. तू घरात व्हतास तवर माझ्या जिवाला घोर नव्हता. मला वाटलं, ऱ्हाऊ दे अजून थोडं दिस." मग माझ्या वाढलेल्या दाढीकडं बघून म्हणाली, "पर तू असा मुका होशील हे न्हाय कळलं मला. बसलेला तू बघवत न्हाय. जा, आण."

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. माझे चार महिने तिनं खाल्ले होते, माझा रूट गेला होता. पण ती खाली बसलेली होती आणि तिचे केस पार पांढरे झालेले होते. मी उठून दाढी केली.

दुसऱ्या दिवशी बायको आणि मी बसनं सोलापूरला गेलो. शोरूममध्ये आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. अमावस्येला कोण येणार? पोरानं हार घातला, आम्हीच नेलेली लिंबं चाकांखाली ठेवली. मी बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. "चालू झाली, सर," पोरगा म्हणाला. उजवा पाय हळूच टेकवला, लिंबं फुटली, आणि गाडी पुढं सरकली. डावा पाय बाजूला आरामात पडून होता. बार्शीच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मी रडलो. बायकोनं खिडकीबाहेर बघितलं.

गावाच्या अलीकडं ओढ्यावर पूल आहे. तो ओलांडून गल्लीत वळलो, फाटक उघडंच होतं. आई आरतीचं ताट मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली, तोंड गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं, लक्ष तिकडून येणाऱ्या शेळ्यांवर. गाडी थेट तिच्या मागं जाऊन उभी राहिली तरी तिला पत्ता नाही. मी दार उघडलं तेव्हा दचकली, ताटातला कुंकवाचा करंडा कलंडला.

"आलास? कळलंच न्हाय की."

तिनं ओवाळलं, भाकर-तुकडा टाकला, चाकांवर पाणी घातलं. सगळं केलं, पण तिचं मन त्यात नव्हतं. बघायला जमलेली गल्ली पांगल्यावर तिनं गाडीच्या नाकावर हात ठेवला आणि विचारलं, "हिला आवाजच न्हाय का रं?"

"न्हाय. हीच तर मजा हाय."

"मग तू आलास हे मला कळंल कसं?"

मला प्रश्न समजला नाही. मग तिनं सांगितलं. माझी मोटारसायकल पुलावर आली की घरातून ऐकू यायची. दुसऱ्या कुणाची असली तर तिला लगेच ओळखू यायची. रोज रात्री ती त्या आवाजाची वाट बघत उताणी पडून असायची. पुलावर माझा आवाज आला की मगच भिंतीकडं कुशीवर व्हायची. मी आत येईपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा. मी पडलो त्या संध्याकाळी तो आवाज आलाच नव्हता, आणि फोन यायच्या आधी तिला कळलं होतं.

मी गाडीला टेकून उभा राहिलो. एवढी वर्षं मी लोकांना हसत सांगत आलो होतो की आमच्या आईला आपली काही पडलेली नाही.

रूट मला अर्धाच परत मिळाला, उरलेला अर्धा दिवस केंद्रावरच्या खुर्चीत जातो. पण फिरतो. परत येताना पुलावर आलो की हॉर्न वाजवतो, दोनदा. भरदुपारी आलो तरी वाजवतो. पुलाखाली कपडे धुणाऱ्या बाया आता वर बघतही नाहीत. कधी कधी वैतागतो, या वयात हे काय लचांड म्हणून. पण हात आपोआप जातो.

बायको सांगते, हॉर्न ऐकला की आई कुशीवर होते.