कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा

काकांकडून माझ्याकडे आलेली एक जुनी अमेरिकन बंदूक आहे. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपायच्या खेळासाठी बनवलेली. तिच्या पोलादावर एक शिकारी कुत्रा कोरलाय, एक पाय उचलून उडत्या पाखरांकडे बघणारा. हा कुत्रा कोरला कोणी, एवढंच शोधण्यात माझी निवृत्तीनंतरची चार वर्षं गेली.

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाचं उत्तर आलं. 'कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा भिंगातून बघा. काही कारागीर तिथं आपलं नाव बारीक अक्षरांत कोरत.'

मी भिंग लावलं. पट्टा गुळगुळीत होता.

दर खंडेनवमीला पूजेआधी ही बंदूक घासायचं काम माझं. काका शेजारी बसून सांगायचे, "घास अजून. देवापुढं ठेवायचीय, तोंड दिसलं पाहिजे तिच्यात." तेलाच्या फडक्यावर रांगोळी घेऊन मी घासायचो. काका गेल्यावरही घासत राहिलो. आणि खरंच तोंड दिसायचं, माझं. ज्यानं डोळे फोडून त्या कुत्र्याचा केस न् केस कोरला, त्याचं नाव मी वर्षाला थोडं थोडं, अगदी भक्तिभावानं घासून काढलं. हेळसांड केली असती तर ते वाचलं असतं.

यंदा खंडेनवमीला मी बंदूक तशीच पाटावर ठेवली. बायको फडकं घेऊन आली. "अहो, पुसायची राहिली वाटतं?"

"नाही गं," मी म्हटलं. "पुसण्यासारखं आता काही उरलं नाही."