वाघाला मिळालेली मतं

वाघ जिंकला. तोही दणदणीत. पोल बंद झाला तेव्हा मी चंद्रपूरच्या घरी टॅब्लेट मांडीवर घेऊन बसले होते. शीतलचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "पाह्यलं का वं?" मी पाहिलं होतं.

आधी मी काय करते ते सांगते. मी कॉमिक्स काढते. गोष्ट माझी, चित्रं माझी, रंग शीतलचे. माझे वडील गोंडपिपरीत दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. ब्रश धरायला मी त्यांच्याजवळ शिकले. पुढे चंद्रपुरात फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर डिझाइन करत होते. तिथे असतानाच 'पारू' सुरू झाली. पारू म्हणजे आमच्याकडच्या जंगलातली एक वनरक्षक. हातात काठी, खिशात शिट्टी, आणि सांभाळायला मोठा बीट, म्हणजे तिच्या राखणीतला जंगलाचा तुकडा. ती आमच्यासारखीच बोलते, "मले" आणि "काऊन" म्हणते. दर आठवड्याला मी तिचं एक पान इंटरनेटवर टाकायचे. वाचणारे वाढले. मग काही जण दर महिन्याला थोडे पैसे द्यायला लागले. त्यांना सपोर्टर म्हणतात. त्यांना पानं सगळ्यांच्या आधी दिसतात, कच्ची रेखाटनं बघायला मिळतात, एवढंच. त्यांच्या भरवशावर मी दुकान सोडलं. मला मालक नाही, संपादक नाही. जे आहेत ते हेच लोक.

पारूची मोठी गोष्ट संपली. पुढे काय, हे मी त्यांनाच विचारायचं ठरवलं. पोल टाकला, म्हणजे पर्याय देऊन मतं मागितली. पहिला पर्याय, पारू आणि नरभक्षक वाघ. दुसरा, पारूचं लहानपण. तिसरा, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीची गोष्ट. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "जे ठरेल ते काढीन."

मला मनातून तिसरंच करायचं होतं. धान कापून झालं की आमच्या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावी नाटकं लागतात. मंडप पडतो, तिकीट असतं, आजूबाजूच्या गावांतून पाहुणे येतात आणि नाटक रात्रभर चालतं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना सांगावं लागत नाही. माझे बरेचसे सपोर्टर पुण्या-मुंबईचे, काही परदेशातले. त्यांनी ते पाहिलेलं नाही. तिसऱ्या पर्यायाला इतकी कमी मतं पडली की शीतलने त्याचा विषयही काढला नाही.

"वाघ काढ ना मंग," ती म्हणाली. "लोक मांगून राह्यले. तुले का वाघ काढता नाई येत?"

वाघ मला उत्तम काढता येतो. अडचण ती नव्हतीच. मी थंबनेल काढायला बसले. थंबनेल म्हणजे पूर्ण पान काढण्याआधी काढलेलं काडेपेटीएवढं चित्र. कुठली चौकट कुठे येईल, ते त्यात कळतं. वाघ झुडपातून बाहेर येतो, पारू मागे सरकते, गावकरी ओरडतात. सगळं नीट बसत होतं आणि सगळं आधी कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे वाघ खरोखर माणसं मारतो. त्या घरांत मी गेले आहे. त्याची थरारक गोष्ट करून विकायला माझा हात पुढे जाईना. पण शब्द दिला होता. सपोर्टर गेले तर बॅनरच्या दुकानात परत जावं लागणार, हेही माहीत होतं.

शेवटी मी एक साधी गोष्ट केली. वाघाला मत देणाऱ्यांपैकी जे बोलायला तयार होते त्यांना फोन लावले. "वाघ का हवा?" असं विचारलं नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारलं, "पारूचं कुठलं पान तुमच्या लक्षात राहिलं आहे?"

पहिल्या फोनवर उत्तर आलं, चहाचं पान. दुसऱ्यावरही तेच. आलापल्लीच्या एक नर्सबाई आहेत, आमच्या भागातल्या मोजक्या सपोर्टरांपैकी. त्यांचंही तेच. त्या म्हणाल्या, वाघ इथी रोजचाच आहे, मले त्या बाईचीच काळजी लागली होती.

ते पान असं आहे. सरपणाला गेलेली एक बाई जंगलातून परतलेली नाही. पारू तिच्या घरी ओट्यावर बसली आहे. आत त्या बाईची जाऊ चहा ठेवते. चहा उकळतो, कपात ओतला जातो, निवतो. कुणी बोलत नाही. पूर्ण पानात एकही फुगा नाही. फुगा म्हणजे ज्यात पात्रांचं बोलणं लिहितात तो. पुढच्या पानावर ती बाई लंगडत येते आणि सांगते, पाय मुरगळला होता. त्या अख्ख्या प्रकरणात वाघ कुठेच दिसत नाही.

मी फोन खाली ठेवला. लोकांनी वाघाला मत दिलं होतं, पण त्यांच्या मनात राहिलं होतं ते वाट पाहणं. आणि वाट पाहण्याची एक गोष्ट मला ठाऊक होती.

ती मंदाबाईंची. मंदाबाई पोंभुर्ण्याच्या. झाडीपट्टीच्या नाटकांत वर्षानुवर्षं नायिकेची कामं केलेल्या, आता आईच्या भूमिका करतात. त्यांची कंपनी एकदा दिवस मावळताना जंगलातल्या रस्त्याने प्रयोगाला निघाली होती. वळणावर वाघ बसलेला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, काचा वर केल्या. पुढच्या गावात मंडप भरलेला. हा किस्सा मी त्यांच्याकडून ऐकला होता. आता तो काढायचा तर त्यांना विचारणं भाग होतं. सकाळची बस धरून पोंभुर्ण्याला गेले.

मंदाबाई अंगणात डाळ निवडत होत्या. मी माझी थंबनेल दाखवली. त्यांनी चष्मा लावून एकेक चौकट पाहिली. गाडीत बसलेल्या नटीच्या चेहऱ्याशी थांबल्या. मी तिचे डोळे भीतीने मोठे केले होते.

"ही मी आहो का?"

"हो, बाई."

"मी अशी भेली नव्हती," त्या म्हणाल्या. "वाघाचं का आहे, तो उठून जाईल. पब्लिक उठून गेली तं मी का करू?"

मग त्यांनी सांगितलं की त्यांनी गाडीतच आरसा काढला आणि मेकअप करायला घेतला. पोचल्यावर तेवढाच वेळ वाचेल म्हणून. पेटीवाल्याने पेटी मांडीवर घेतली, पण वाजवली नाही, नुसती बोटं फिरवत बसला. ही माहिती माझ्याकडे नव्हती. मी तिथेच अंगणात बसून नवीन चौकटी काढल्या. मंदाबाईंनी परवानगी दिली आणि जेवूही घातलं. एकच अट घातली, की चित्रातल्या बाईला चांगलं लुगडं दे.

परत आल्यावर मी सुरुवातीची पानं पूर्ण केली. इंकिंग झालं, म्हणजे पेन्सिलवर शाईची पक्की रेघ फिरली. शीतलने मावळतीचा रंग असा भरला की रस्ता दिसतो, वळण दिसतं आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. वाघ एकाही चौकटीत नाही. फक्त चेहरे, आरसा, पेटीवरची बोटं. मधूनमधून त्या गावचा मंडप आणि पडद्याकडे बघणारे लोक. शेवटच्या चौकटीत एक म्हातारा उठून घोंगडं झटकतो. तो जातो की परत बसतो ते मी दाखवलं नाही.

ही पानं सपोर्टरांसमोर ठेवली आणि सोबत स्पष्ट लिहिलं. तुम्ही वाघ निवडला. मी शब्द दिला होता, तो पाळायला तयार आहे. पण ही पानं वाचा आणि सांगा, मला त्या शब्दातून मोकळं करता का? नाही म्हणालात तर पुढच्या आठवड्यापासून वाघ.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णी काकांचा फोन आला. काका पुण्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, माझ्या अगदी पहिल्या सपोर्टरांपैकी एक. त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे रागावले होते.

"तुम्ही मत मागितलंत, आम्ही दिलं. आता पुन्हा मागताय. याला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे, काका. म्हणूनच ठरवायचं तुमच्याकडे ठेवलं आहे. तुम्ही वाघ म्हणालात तर मी वाघच काढेन, आणि चांगला काढेन."

"मी वाघच म्हणणार आहे."

"चालेल."

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. मग म्हणाले, "तो म्हातारा परत बसतो का?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा धंदाच बुडाला असता.

काकांनी शब्दाप्रमाणे वाघालाच मत दिलं. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी मला मोकळं केलं. काही जण सोडूनही गेले. एकाने लिहिलं की त्याला जंगल हवं होतं, तमाशा नको. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे तमाशा नव्हे, असं मी त्याला नम्रपणे कळवलं. तो महिना मी आणि शीतलने जरा हात आखडून काढला. पुढच्या महिन्यापासून नवीन नावं यायला लागली. त्यात आमच्या भागातली नावं पहिल्यांदाच जास्त होती. वडसा, ब्रम्हपुरी, सिंदेवाही. हे लोक इतकी वर्षं पारू वाचत नव्हते असं नाही. पैसे देऊन वाचावं असं त्यांना आता वाटलं.

गोष्ट पूर्ण झाली तेव्हा आम्ही तिचं पुस्तक छापलं. पहिली प्रत घेऊन मी पुन्हा पोंभुर्ण्याला गेले. तालमीचे दिवस होते. मंदाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, आणि स्वतःच्या चित्राच्या तोंडचे संवाद मोठ्याने म्हणायला लागल्या. आधी वाचल्यासारखे, मग रंगमंचावर म्हणतात तसे, थांबे घेत, आवाज चढवत. तालमीतली मंडळी हातातलं काम सोडून गोळा झाली. पेटीवाला आपणहून साथीला लागला. संपल्यावर कुणीतरी विचारलं, हे कोणत्या लेखकाचं नाटक. मंदाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरीचं. गोंडपिपरीची आहे, आपलीच."

माझ्या नावामागे आजवर बरीच विशेषणं लागली आहेत, वर्तमानपत्रात एकदा फोटोही आला. पण मला कुणी ओळख विचारली की मी अजून त्या तालमीची आठवण काढते. शीतल म्हणते, किती वेळा सांगतेस. सांगणार.

कुलकर्णी काका अजून सपोर्टर आहेत. त्यांनी पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती मागवून नातेवाइकांना वाटल्या, आणि तरी प्रत्येक पानाखाली लिहितात की वाघ हवा होता.

मी यातून दोन गोष्टी शिकले. वाचकांना काय हवं ते विचारू नये, काय आठवतं ते विचारावं. आणि पोलमध्ये जो पर्याय आपल्याला करायचा नाही तो टाकूच नये, कारण लोक नेमका तोच उचलतात.