खांदा लावील तो बसेल

आमची लॉरी उतारावर वाघ होती. चढ लागला की तिला माहेर आठवायचं, आणि माहेर नेहमी मागेच असायचं. मुंबईच्या कुठल्याशा व्यापाऱ्याने वापरून टाकलेली ही दीड टनाची गाडी वडिलांनी बैलांच्या दोन्ही जोड्या विकून घेतली होती. शेणखत, पेंढा, चिरे, आंब्याच्या पेट्या, जे पडेल ते तिच्यावर पडायचं. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो, आणि रत्नागिरीच्या त्या तांबड्या रस्त्यांवर लॉरी हाकणारा म्हणजे राजाच, अशी माझी समजूत होती. प्रजेला ती मान्य नव्हती.

माझ्याबरोबर घरचा जुना गाडीवान असे. त्याला मी बाबा म्हणत असे. बैल गेल्यावर त्याला एकच काम उरलं होतं. चढावर लॉरी थांबली की खाली उडी मारून मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा घालायचा. ठोकळा घातला की लॉरीच्या पाठीवर थाप मारून तो "हो, हो, हो" म्हणायचा. लॉरी थांबायची, हे कबूल केलं पाहिजे. माझं ती तेवढंही ऐकत नसे.

काळजी एकच होती. परवान्याच्या पुस्तकात दोन शेरे आधीच पडले होते. पहिला मागचा दिवा विझल्याबद्दल, दुसरा पेंढ्यावर आठ माणसं बसवल्याबद्दल. मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही, असा नियम. तिसरा शेरा पडला की परवाना जाणार, लॉरी गोठ्यात उभी राहणार, आणि गोठ्यात बैल तर नाहीतच. वडिलांनी बजावलं होतं, "वर माणूस दिसता कामा नये. माशी बसली तरी हाकल."

त्या खेपेला माल होता डोलकाठी. पूर्णगडच्या एका तांडेलाचा मचवा डोलकाठीवाचून किनाऱ्यावर पडून होता, आणि आमच्या रानातलं उंडीचं एक सरळसोट झाड त्याने पसंत केलं होतं. तोडून, तासून ती लॉरीवर चढवली, तर मागे इतकी बाहेर आली की लॉरीला शेपूट फुटलं. मी बुंधा पुढे घेतला, शेंडा मागे. काथ्याच्या दोरांनी चार जागी आवळली आणि शेंड्याला नियमाप्रमाणे लाल फडकं बांधलं. बाबा सगळीकडून फिरून आला.

"बरी बसलीय," तो म्हणाला. "पण मागं भार टाकू नको. उलाळ होईल."

बैलगाडीत मागे वजन झालं की पुढचं जू वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. लॉरीला जू नाही, पण पुढची चाकं हलकी होतात आणि हातातलं चाक नुसतं शोभेला उरतं.

पहिल्याच चढावर लॉरीला माहेर आठवलं. बाबाने ठोकळा घातला. शेजारच्या मळ्यातून चार माणसं न बोलावता आली, त्यांनी खांदा लावला, लॉरी वर गेली. मी आभार मानायला मान बाहेर काढतो, तर चौघेही डोलकाठीवर, तेही पार मागे, पाय सोडून बसलेले.

"उतरा," मी म्हटलं.

"का बरं?"

"नियम आहे. गाडीत माणूस बसवायचा नाही."

"मगाशी ढकलताना माणूस नव्हताव काय आमी?" त्यातला थोरला म्हणाला.

मी बाबाकडे पाहिलं. बाबा माझ्यावरच रागावला होता. बैलगाड्यांच्या काळापासून त्या रस्त्याला एकच कायदा होता. चढाला जो खांदा लावील, त्याला पुढच्या गावापर्यंत बसवायचं. "तुज्या आज्यानं मोडला नाय, तुज्या बापानं मोडला नाय," बाबा म्हणाला, आणि मीच काय तो करंटा निपजलो, हे त्याने डोळ्यांनी सांगितलं.

"निदान पुढे तरी सरका," मी म्हटलं.

ते सरकले. पण पुढे इंजिनाचा धूर आणि मागे वारा. दोन वळणांत सगळे पुन्हा शेपटावर. मी चाक उजवीकडे फिरवत होतो आणि लॉरी विचार करून मग वळत होती. आणि आता या कायद्याची खुबी ऐका. माणसं बसली म्हणून लॉरी जड झाली. जड झाली म्हणून पुढचा चढ चढेना. मग तिथल्या माणसांनी खांदा लावला आणि तीही बसली. तिसरा चढ संपला तेव्हा वर अकरा जण होते, शिवाय कोंबड्यांची डालगी घेतलेली एक म्हातारी.

"आजी, तुम्ही कुठे ढकललंत?"

"बोट लावलंय मी. आदी हालत होती काय ती?"

पुढे वळणापलीकडे पोलिसांचा नाका होता. मी लॉरी अलीकडे थांबवली आणि सगळ्यांच्या पाया पडलो. परवान्याचं सांगितलं, गोठ्याचं सांगितलं, आवाज थोडा कापराही केला. सगळे उतरले आणि लॉरीमागून चालू लागले.

नाक्यावरचा जमादार घाटावरचा होता. त्याने आधी डोलकाठी पाहिली, मग तिच्यामागची वरात.

"ही मानसं कुनाची?"

"आपापली," मी म्हटलं.

"मग गाडीसंगं का चालत्यात?"

"चालाया बी परवाना लागतो काय, जमादारा?" म्हातारीने विचारलं.

जमादार लॉरीकडे वळला. दिवे पाहिले, दोर ओढून पाहिले, शेंड्यापाशी गेला. "लाल फडकं कुठाय?"

फडकं शेंड्याच्या बरोबर खाली उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या डोक्याला होतं. ऊन लागत होतं म्हणे. त्याने ते मुकाट्याने सोडून शेंड्याला बांधलं. जमादाराने माझं पुस्तक उघडलं आणि पेन्सिल जिभेला लावली. मला गोठा दिसू लागला.

"फडकं होतंच, सायेब," बाबा शांतपणे म्हणाला. "मधी डोकं आलं, येवडंच."

जमादाराने फडकं पाहिलं, ते डोकं पाहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवली. "जावा."

गेलो असतो. पण नाक्याच्या पुढेच चढ. अर्ध्यावर लॉरी थांबली, बाबाचा ठोकळा खडीवर घसरला, आणि आमचं शेपूट सरळ जमादाराच्या चौकीकडे निघालं. सगळ्यांत आधी खांदा लावला तो जमादाराने. मग बाकीचे धावले, ठोकळा बसला, आणि रेटून रेटून लॉरी माथ्यावर आली.

वर कुणीच बसेना. सगळे जमादाराकडे बघत होते. जमादार घाम पुसत माझ्याकडे बघत होता.

"फुडच्या गावापातूर सोडा मला," तो म्हणाला. "बूट चावतोय."

"खांदा लावलान त्यानं," बाबा माझ्या कानाशी म्हणाला. "बसव."

सकाळपासून नियमाने माझं डोकं खाल्लं होतं. आता तो नियम एकदाच माझ्या हातात आला होता. मी हात जोडले, मान लववली, आणि नाटकातल्या प्रधानासारखा म्हणालो, "साहेब, मालाच्या गाडीत माणूस बसवता येत नाही. कायदा आपल्याला ठाऊकच आहे."

जमादाराने वाकून बुटाची नाडी सैल केली. "बरोबर हाय," तो म्हणाला, आणि लंगडत चालू लागला. तो चालतोय म्हटल्यावर कुणाला बसता येईना. बाबाही त्यांच्यात चालत गेला. मी एकटाच वर, आणि लॉरी माणसांच्या चालीने, दर थोड्या वेळाने पाणी उकळवत. पुढच्या गावाला सगळे पांगले. निरोप असा कुणी घेतला नाही. फक्त म्हातारी म्हणाली, "बोट फुकट गेलं."

डोलकाठी पूर्णगडला पोचली, पुस्तकात तिसरा शेरा पडला नाही, वडील खूश झाले. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने मी जांभ्याचे चिरे भरून निघालो. पहिल्याच चढावर लॉरी थांबली, बाबाने ठोकळा घातला. ते चौघे मळ्याच्या दगडी गडग्यावर पान खात बसले होते. डालगी शेजारी ठेवून म्हातारीही येऊन बसली होती.

"काका, जरा खांदा लावता?" मी म्हटलं.

कुणी हललं नाही. पानही थांबलं नाही.

"परवाना हाय ना तुज्याकडं?" म्हातारी म्हणाली. "दाकव चढाला."

बाबाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मग मी अर्धे चिरे खाली उतरवले, एकेक करून, त्या सगळ्यांच्या देखत. जांभ्याने हात सोलून निघाले. बाबा ठोकळ्यावर बसून होता. चिरे उतरले तशी लॉरी काही न बोलता चढ चढून गेली. गाडीतले माथ्यावर टाकून मी उतरवलेल्यांसाठी पुन्हा खाली आलो, तर म्हातारी शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "बग, कशी गेली. आमी वर नव्हताव म्हणून."