टिटवी वर चढली

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुरुस्तीतून उरलेली खडी पडली आहे. त्या खडीत टिटवीने अंडी घातली तेव्हा शेजारच्या सुलभामावशींनी हात जोडले. "टिटवी वर चढली गं! यंदा पाऊस धो धो." त्यांच्या गावी टिटवी ओढ्यात अंडी घालते की बांधावर, यावरून पावसाचा अंदाज धरतात. ही तर थेट चौथ्या मजल्यावर! आम्ही पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते.

तिला पावसाचं काही कळलं होतं का, कोण जाणे. मागच्या माळावर ती दर उन्हाळ्यात बसायची. यंदा त्या माळाचं पार्किंग झालं, एवढं मात्र तिला नक्की कळलं होतं. आम्ही तिच्या नाइलाजाला शकुन म्हटलं.

आज सकाळी पिल्लं निघाली. टिटवी पिल्लांना भरवत नाही, ती फक्त हाक मारून चाऱ्यापाशी नेते. ती खालून जीव तोडून हाका मारत होती आणि वर कठड्याशी दोन कापसाचे गोळे वाट शोधत सैरावैरा धावत होते. त्यांना पंख कुठले!

मी दोघांना ओंजळीत घेऊन जिने उतरले. मावशी गच्चीवरून ओरडल्या, "मातीत सोड गं, मातीत!"

खाली कुंपणापासून कुंपणापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवलेले होते. टिटवी माझ्या डोक्यावर झेपा घेत होती आणि ओंजळीत दोन काळजं धडधडत होती.

"कुठे सोडू, मावशी?" मी वर बघून विचारलं.

मावशींनी पुन्हा हात जोडले.