आखाजीचा दोर

चैत्र लागला की माझे तळहात सोलून निघायचे. अंबाडीच्या सालीचा वाख दिसायला केसांसारखा असतो, पण दिवसभर वळत बसलं की काचेच्या कणांसारखा हाताला लागतो. संध्याकाळी एरंडेल चोळायचं आणि सकाळी पुन्हा बसायचं. नंदुरबारच्या आमच्या परसात एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सासू आणि मध्ये ताणलेला दोर, असे माझे कितीतरी उन्हाळे गेले. वसंतात माणसाचं मन फुलतं असं पुढे मी पुस्तकांत वाचलं. मला तेव्हा फक्त झोप यायची.

नवरा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होता. तो तापाने गेला. भाऊ आला, रडला आणि म्हणाला, माहेरी चल, मागच्या खोलीत राहा. मागच्या खोलीत ते सरकी ठेवत. मी विचारलं, "मग सरकी कोठे ठेवशी?" त्याला ते लागलं असावं. मलाही त्याचं बोलणं लागलं होतं, पण त्याचं कोणाला काय. सासूला दुसरा मुलगा नव्हता. ती आणि मी नंदुरबारातच राहिलो.

दोर वळणं आमच्या शेतकरी घरांत सगळ्यांनाच येतं. गाईला दावं लागतं, बैलाला कासरा लागतो, मोटेला नाडा लागतो. उन्हाळ्यात काम नसतं तेव्हा लोक ओट्यावर बसून वळतात. आम्हा दोघा भावंडांना वडिलांनीच शिकवलं. पण घरापुरतं वळणं वेगळं आणि बाजारात बसून विकणं वेगळं. मी विकायला बसले. तळोद्याच्या बाजारात डोंगरातल्या बाया वाखाच्या पेंढ्या आणायच्या, तिथून मी गाडीने माल आणायचे. वाख ओला करून वजन वाढवलेला असला तर बोट लावताच मला कळायचं, आणि मग त्या बाईचं आणि माझं असं जुंपायचं की शेजारचे आपला सौदा सोडून ऐकायला यायचे. पुढच्या बाजारी तीच बाई मला आधी हाक मारायची.

नंदुरबारला माझी बसायची जागा मिरचीवाल्यांच्या शेजारी होती. दुसरी कोणी ती घेईना म्हणून मला मिळाली. फाल्गुन-चैत्रात लाल मिरचीचे ढीग पडले की गिऱ्हाईक भाव ठरवता ठरवता शिंकायचं. शिंक आली की आमच्याकडे कोणी सौदा पुरा करत नाही. शिंकेचा दोष जाईपर्यंत माणूस तिथेच उकिडवा बसून राहतो. तेवढ्या वेळात मी त्याला दोराचा पीळ दाखवायचे, त्याच्या बैलांची चौकशी करायचे. उठताना तो एकाऐवजी दोन दोर घेऊन उठायचा. लोक म्हणायचे, बाई खट शे. म्हणू देत. मला माणसं वाचता यायची. जो घासाघीस करतो तो परत येतो. शिव्या देईल, पण येईल. जो सांगितलेला भाव मुकाट्याने टाकून उठतो, त्याला तुमच्याशी संबंध नको असतो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात तो सासुरवाशिणींचा सण. घरोघरच्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून तिला न्यायला माणूस यावा लागतो, भाऊ किंवा चुलतभाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की त्याच्या पायावर पाणी घालायचं, त्याला जेवू घालायचं, मग सासू परवानगी देते आणि लेक निघते. मुराळी आला नाही तर बाई सासरी बसून दुसऱ्यांचे झोके ऐकते. तो मागून घ्यायचा नसतो. मागितला तर मग त्याचं मोल काय राहिलं?

मी बाजारात बसल्यापासून माझ्या माहेराहून मुराळी आला नव्हता. माहेर काही लांब नव्हतं, धानोऱ्याकडचं गाव, बैलगाडीने सकाळभराची वाट. पहिल्या वर्षी म्हटलं, दुखवट्याचं वर्ष, असेल. पुढच्या वर्षी मग माझी भावजय विहिरीवर काय म्हणाली ते गावच्या एका बाईने मला दोर घेता घेता सांगितलं. भावजय म्हणाली होती, बाजारात हाका मारणारी बाई आमच्या ओट्यावर कशी बसवू? मी त्या बाईला दोर मापात मोजून दिला. घरी येऊन मात्र घागर फोडली.

विधवेने झोक्यावर बसायचं नसतं हे मलाही माहीत होतं. मला बसायचं नव्हतं. मला फक्त कोणीतरी न्यायला यायला हवं होतं.

म्हणून दर वर्षी चैत्रात मी चांगल्यातला चांगला वाख बाजूला काढायचे आणि माहेरच्या निंबासाठी एक दोर वळायचे. भाच्यांसाठी. झोक्याच्या दोराला पीळ घट्ट पण अंग मऊ लागतं, नाहीतर पोरींचे हात कापतात. गुढीपाडव्याला मी धुतलेलं लुगडं, भाच्यांच्या चोळ्यांचे खण असं गाठोडं बांधून खुंटीला लावायचे. आखाजी गेली की गाठोडं सोडायचं आणि तो दोर कोणा शेतकऱ्याला बैलासाठी विकायचा, उतरत्या भावाने. सासू हे सगळं बघायची. तिची नजर अधू झाली होती, पण गाठोडं खुंटीवर आहे की नाही एवढं तिला दिसायचं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी परसातली बाग बरी आली होती. विहिरीच्या सांडपाण्यावर मी वांगी लावली होती, मोगऱ्याचे दोन वेल, आणि बियाण्यासाठी राखलेली अंबाडी. निंबाचा मोहर गळून सगळ्या परसात पडायचा, वाखात अडकायचा, तो वेचत बसावा लागे. शेळी दावं सोडवून वांगी खायची. दोर विकणाऱ्या बाईची शेळी दावं सोडवते, हे शेजाऱ्यांना फार आवडायचं. आणि राखी रंगाची मांजर होती. ती पोटुशी होती. तिला विण्यासाठी जागा हवी होती आणि तिचं मन बसलं होतं माझ्या वाखावर. मी एक ढीग झाकला की ती दुसऱ्यात शिरायची, नखांनी सगळा गुंता करायची. मी ओरडून हाकलायचे.

सासू दोराचं टोक धरून म्हणायची, "का वं, कसाले हाकलस तिले? तिन्हं पोट तं देख."

"तिन्हं पोट देखू का आपलं?" मी म्हणायचे.

"आपलं तं रोजच देखतस."

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही माहेरचा दोर वळत होतो. त्या वर्षी गिऱ्हाईक इतकं होतं की माझाच दोर मागे राहिला होता. तीन पदर वळून झाले होते, ते एकत्र करायचे होते. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि दारात माझा भाऊ उभा राहिला. फेटा घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला.

माझ्या हातातला पदर सुटला. पीळ उलटा फिरून गेला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

"कोण शे?" सासूने विचारलं.

"मन्हा भाऊ उना शे, माय."

"ये बाबा, ये. पानी लई ये वं पोरी, पायवर पानी घाल."

मी पाणी आणलं. त्याच्या पायावर घातलं. आत ओट्यावर पाट मांडला. तो बसला तो नेमका खुंटीखाली, डोक्यावर माझं गाठोडं. मी मनात भाकरीचं पीठ किती आहे ते बघत होते आणि शेळी कोणाकडे ठेवायची ते ठरवत होते.

तो म्हणाला, "आक्का, दोर शे का?"

मला आधी कळलंच नाही.

"झोकाले दोर पाहिजे. मोठी पोर पडनी आज सकाय. नाडा तुटी गया."

"मोटना नाडा बांधा व्हता?"

"जाड व्हता. वाटनं, टिकी."

मोटेचा नाडा रोज भिजतो आणि रोज वाळतो. वरून हत्तीला बांधावा असा दिसतो आणि आत भुसा झालेला असतो. वडिलांनी आम्हाला हे लहानपणीच सांगितलं होतं. नाडा झोक्याला बांधायचा नाही. माझ्याकडून दोर न्यावा लागू नये म्हणून याने घरचा कुजका नाडा निंबाला बांधला होता.

"पोरले काय व्हयनं?"

"हात मुरगळना. बाकी बरी शे. पण पोरी रडी ऱ्हायन्यात. उद्या आखाजी, आनि निंब रिकामा."

"बाजारमा नही भेटना?"

"संपी गया सर्वा." मग खाली बघून म्हणाला, "जो तो म्हने, तुन्ही बहीणकडे जाय."

सासू परसातूनच म्हणाली, "दोर शे बाबा, पण अर्धा शे. एक टोक मन्हा हातमा शे. दोन बायांनी किती वढाना? ये, धर."

तो उठला. फेटा काढून ठेवला. सासूच्या समोरच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि कोणी न सांगता त्याने पदर बोटांत नीट घेतले, अंगठा वर, करंगळी खाली, वडील धरायचे तसेच. मी चालत चालत पीळ देत गेले, तो एक एक पाऊल पुढे येत गेला, कारण पीळ चढला की दोर आखडतो आणि धरणाऱ्याला पुढे यावंच लागतं. लहानपणी आम्ही असेच एकमेकांकडे यायचो आणि शेवटी डोक्याला डोकं आपटलं की वडील हसायचे. परसात निंबाचा मोहर पडत होता. मांजर शेवटी वाखात जाऊन बसली, तिला हाकलायला कोणी नव्हतं. मला वाटलं, आता हा 'चल' म्हणेल. दोर पुरा झाला की म्हणेल.

दोर पुरा झाला. मी टोकांना गाठी मारल्या, वाखाच्या बोळ्याने दोर पुसला, वेटोळं केलं. त्याने हात झटकले. त्याचे तळहात लाल झाले होते.

"काय भाव शे?" त्याने विचारलं.

मी भाव सांगितला. मुद्दाम बाजारच्या दीडपट सांगितला. तो घासाघीस करेल, मी भांडेन, तो म्हणेल बहीण असून लुटतेस का, मी म्हणेन बहीण आहे हे आज आठवलं का, आणि मग ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या होत्या त्या सगळ्या निघतील. माझं पुढचं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलंही होतं.

त्याने कनवटीला हात घातला आणि पैसे धुण्याच्या दगडावर ठेवले. घासाघीस नाही. सांगितले तेवढे ठेवले.

बाजारात इतकी वर्षं बसून मी माणसं वाचायला शिकले होते, आणि ते मला तिथे उभ्या उभ्या कामी आलं.

दोर खांद्यावर घालून तो दारापर्यंत गेला. तिथे थांबला. म्हणाला, "पोरी तुन्ही आठवण काढतस, आक्का."

मी वाट पाहिली. तो बैलांकडे बघत होता.

"मागनी खोलीमधली सरकी कशी शे?" मी विचारलं.

तो गोंधळला. "बरी शे," म्हणाला आणि गाडीत बसला.

मी आत आले आणि खुंटीवरचं गाठोडं ओढून कोपऱ्यात भिरकावलं. शेळीवर ओरडले. वांग्यांना पाणी घातलं, सकाळी घातलेलं असूनही. जेवताना सासूने माझ्या ताटात आपल्या वाटची कैरीची फोड टाकली, एवढंच. मला रागही पुरता येत नव्हता, इतकी मी थकले होते.

सकाळी गल्लीतल्या निंबावर पोरींचे झोके सुरू झाले. मी उठले तर वाखाच्या ढिगात मांजर नव्हती. कोपऱ्यातून बारीक आवाज येत होता. गाठोडं सुटलं होतं, आणि माझ्या धुतलेल्या लुगड्यावर मांजर आडवी पडली होती, पोटाशी आंधळी, ओली पिलं. लुगडं गेलंच होतं. मी हात उगारला आणि तो तसाच राहिला.

सासू चाचपडत आली. वाकून ऐकलं, हाताने अंदाज घेतला.

"आखाजीले कोणी तरी माहेरी उनं वं," ती म्हणाली. "बाळंतपणले उनी. आते हाकलू नको."

मी तिला म्हटलं, मुराळी कोण गेला होता हिला आणायला? सासू हसली नाही. "उनी ना," म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली.

मी चूल पेटवली. पहिलं दूध मांजरीला ठेवलं. मग परसात जाऊन वाख ओढला आणि सासूला हाक मारली. टोक धरायला कोणीतरी लागतं.