महेश्वरीनं कॅप्टन बदलला नाही

महेश्वरीनं याही आठवड्यात कॅप्टन बदललेला नाही, आणि तो कॅप्टन तिकडं गुडघा धरून घरी बसलाय. दुपारपासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आमचे हे म्हणाले, "लेकीची काळजी करायची तर तिच्या लग्नाची कर. तिच्या कॅप्टनची काय करतीस?" आणि कूस बदलून घोरायला लागले. मला झोप येईना, म्हणून वही घेऊन बसले आहे.

महेश्वरी माझी मुलगी. अकलूजला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. पहाटे गावोगावच्या कॅन येतात, त्यातून नमुने घ्यायचे, फॅट बघायचं, पाणी घातलंय का, साखर घातलीय का, युरिया आहे का, ते बघायचं. थोडक्यात, संशय घेण्याचा तिला पगार मिळतो. पण ही नोकरी लागायच्या आधीपासून ती तशीच आहे. लहानपणी शेंगाचटणीचा घास तोंडात घालून विचारायची, "अव्वा, ही कालची ना?" आणि ती कालचीच असायची.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतली गोष्ट सांगते. ती चौथीत असेल. रिंग टाकून वस्तू जिंकायच्या स्टॉलपुढं सगळी पोरं हट्ट धरून बसली होती. ही मात्र हात मागं बांधून नुसती उभी. आकाशपाळणा नको, भजी नको. तिच्या अप्पांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, शेवटी वैतागून विचारलं, "टाकायची हाय का न्हाय रिंग?" तर म्हणाली, "तो निळ्या शर्टाचा माणूस बघा. सारखा तोच जिंकतोय. आणि जिंकलेलं घड्याळ मागच्या बाजूनं परत देतोय. त्यांचाच हाय तो." आम्ही पाहिलं तर खरंच. ह्यांना इतका अभिमान वाटला की त्यांच्या युनिफॉर्मच्या कापडाच्या दुकानात वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकावी लागली. मला मात्र तेव्हाच थोडी भीती वाटली होती. जी मुलगी सगळ्यांच्या मागच्या बाजूला जाऊन बघते, ती स्वतःच्या मागच्या बाजूला कुणाला येऊ देणार?

फुटबॉल तिच्या आयुष्यात डेअरीतल्या गुफराननं आणला. गुफरान टँकरच्या फेऱ्या लावतो. त्यानं तिथल्या लोकांचा एक गट केला होता. खेळ असा, की इंग्लंडात खरे सामने होतात, त्यातले खरे खेळाडू निवडून आपण मोबाइलवर आपला संघ करायचा. आपल्या खेळाडूनं तिकडं गोल मारला की आपल्याला गुण. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला मुदत असते, तोवर खेळाडू बदलायचे. मुदत संपली की संघाला कुलूप, आणि मग सगळ्यांचे संघ सगळ्यांना दिसतात.

एका रविवारी ती घरी आली होती आणि जेवताना एका हातात भाकरी, एका हातात मोबाइल. हे म्हणाले, "मटक्याचाच भाऊ दिसतोय हा."

"अप्पा, ह्यात पैसे नसतात."

"मग तर येडेपणाच की."

माझा संशय मटक्याचा नव्हता. मला गुफरान खुपत होता. मी जरा फिरवून विचारलं, "हा गुफरान लई खेळतो का गं?"

ती हसली. "अव्वा, गुफरानची बायको सना त्याच्या वरच्या नंबरवर हाय. तिला विचार की, पोराला झोपवताना टीम लावते." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं समाधान?"

झालं नव्हतं. पण त्या दिवशी तिनं मला तिचं खरं वेड दाखवलं. तिला फुटबॉलचं फारसं काही नव्हतं. तिचा जीव होता तो त्या खेळातल्या जाणत्या लोकांत. जगभरातून लाखो माणसं खेळतात, त्यातले काही वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असतात. ते व्हिडिओ करतात, सल्ले देतात. महेश्वरी त्यांच्या मागावर असायची. त्यांना तिनं आपल्यातली नावं दिली होती. एकजण होता ‘शिवबाई मावशी’, कारण आमची शिवबाई मावशी साडी घेते आणि दुसऱ्या दिवशी परत करायला दुकानात हजर असते. हाही खेळाडू घेतो आणि तो एकदा चुकला की विकून टाकतो. दुसरा ‘अण्णा’. बोलत काही नाही, आठवडेच्या आठवडे संघाला हात लावत नाही, आणि एक दिवस सगळा संघ पालटतो.

"हे सांगतात ते सगळे ऐकतात," ती म्हणाली. "मी ऐकत न्हाय. मुदत संपली की त्यांची टीम उघडून बघते. परवा ह्या मावशीनं तासभर सांगितलं की अमक्याला कॅप्टन करा. स्वतः केला दुसऱ्यालाच."

"म्हणजे फसवतात?"

"सगळेच न्हाय. काहींचं शेवटच्या क्षणी मन बदलतं. पण तोंडानं बोलतात ती वरची साय, अव्वा. आमच्याकडं कॅन आली की आधी तळापर्यंत दांडा घालून ढवळतात, मग नमुना. वरवरचं घेतलं तर फॅट भरपूर दिसतं. आणि खाली पाणी."

ती अकलूजच्या गाडीत बसली आणि मी ठरवलं, ढवळायचं. तिनं गटाचा कोड घरच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता, चुलतभाऊ शिवूनं खेळावं म्हणून. कुणीच लक्ष दिलं नव्हतं. मी त्या कोडनं आत शिरले. संघाला नाव काय द्यावं सुचेना. खिडकीतून समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटी दिसत होती. म्हणून मी झाले निंगप्पा.

मला वाटलं होतं, आत शिरलं की काहीतरी हाती लागेल. कुणाशी बोलते, काय बोलते. तसलं तिथं काहीच नसतं. असतात ती फक्त खेळाडूंची नावं आणि गुण. पण संघ तर ठेवायला हवा, नाहीतर निंगप्पाला हाकलतील. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग मी सोपी वाट धरली. महेश्वरीचा संघ दिसला की तोच माझा करायचा. मुदत संपल्यावरच तो दिसत असल्यामुळं निंगप्पा कायम एक आठवडा मागं. तिनं विकलेला खेळाडू मी विकत घ्यायचे.

लवकरच तिच्या ते लक्षात आलं. फोनवर म्हणाली, "अव्वा, आमच्या गटात कोण एक निंगप्पा घुसलाय. माझी टीम उतरवतोय मेला."

"असेल कुणीतरी," मी म्हणाले. हातातली कढई खाली ठेवली, नाहीतर आवाज झाला असता.

"शिवू असंल. कोड घरच्या ग्रुपवर टाकला होता ना. त्याला विचारलं तर सिद्धेश्वराची शपथ घेतोय."

"मग नसेल तो."

"थांब, त्याला धरतेच."

तिनं सापळा लावला. पुढच्या आठवड्यात तिच्या संघात एक गोलकीपर दिसला, जो आपल्या क्लबात तिसऱ्या नंबरचा, बाकावरही बसत नाही असा. मी बापडीनं तोही घेतला. पुढची मुदत संपली त्या संध्याकाळी ती फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. "घेतला गं त्यानं! डोळे मिटून घेतला! अव्वा, असला आंधळा माणूस मी बघितला न्हाय." मीही हसले. मग म्हणाली, "पण एक सांगू? वाईट माणूस नसणार. वाईट माणसं एवढी मन लावून कुणाच्या मागं चालत न्हाईत." हे ती मला उद्देशून म्हणाली का? त्यावर मी खूप विचार केला. समोरच्या गिरणीची पाटी तिनंही जन्मभर पाहिली आहे.

त्यानंतर मला त्याची सवय झाली. तिचा संघ पाहिला की ती कशी आहे ते कळायचं. कामाचा ताण असला की ती घाईघाईनं खेळाडू बदलायची. निवांत असली की एखादा अनोळखी पोरगा घ्यायची, कधी न ऐकलेल्या क्लबातला. फोनवर ती कायम एकच सांगते: "बरी हाय की." ते आजारपणातही तसंच असतं. म्हणून मी फोनपेक्षा संघावर विश्वास ठेवू लागले.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वेळी ती घरी आली तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाली, "एका संकलन केंद्राच्या सगळ्या कॅन परत पाठवल्या. साखर होती त्यात. पाणी घालायचं आणि ते लपवायला साखर."

"बरं केलंस."

"केंद्र एका संचालकाच्या मेव्हण्याचं हाय. साहेब म्हणतात, पुन्हा तपासा. मी म्हणलं, पुन्हा तपासलं तरी साखरच निघणार की, साहेब. ती काय विरघळून पळून जाते व्हय?"

हे खूश झाले. "माझी लेक हाय!"

मी विचारलं, "मग पुढं?"

"पुढं काय. बघू." आणि बशी उचलून आत गेली.

त्यानंतर ती आलेली नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत घर गाठणारी मुलगी, आता म्हणते, काम लई हाय. मी एसटीतून पाठवलेला चटणीचा डबा परत आला नाही. दर वेळी ती धुऊन, त्यात काहीतरी घालून पाठवते. मी विचारलं, त्या कॅनचं काय झालं? म्हणाली, "काय न्हाय गं, मिटलं." काय मिटलं, कुणी मिटवलं, विचारायच्या आत तिला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. पाठीमागं हाक मात्र मला ऐकू आली नाही.

मागच्या आठवड्यात तिनं संघात काहीच बदल केला नाही. मी मनाची समजूत घातली, अण्णाची चाल असेल. जाणते लोक तसं करतात, बदल राखून ठेवतात आणि पुढं एकदम वापरतात. आज दुपारी मुदत संपली. मी संघ उघडला. कॅप्टनच्या नावाला लाल खूण. गुडघा दुखावलाय, महिनाभर खेळणार नाही, हे पेपरातसुद्धा आलंय. शिवबाई मावशीनं त्याला कधीच विकला. अण्णानंही काढला. निंगप्पानंसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं, त्याला काढलं होतं. फक्त महेश्वरीकडं तो अजून आहे, कॅप्टनची पट्टी बांधून.

आधी वाटलं, सापळा असेल, माझ्यासाठी. मग लक्षात आलं, सापळा लावायलाही हात हलवावा लागतो. त्या गोलकीपरसाठी तिनं शोधून, निवडून एक निकामी माणूस आणला होता. इथं तिनं काही केलेलंच नाही. कुणी दुसऱ्यानं मुदत चुकवली तर मी म्हणेन विसरला. ही विसरणारी नव्हे. ताप आला होता तेव्हा पांघरुणात मोबाइल घेऊन टीम लावणारी ही मुलगी.

मी संध्याकाळी फोन केला होता. नेहमीसारखा.

"जेवलीस?"

"जेवले."

"बरी आहेस ना?"

"बरी हाय की, अव्वा."

मला विचारायचं होतं, कॅप्टन का बदलला नाहीस? पण मला ते माहीत असायचं काही कारण नाही. ते फक्त निंगप्पाला माहीत आहे. म्हणून मी हवेबद्दल बोलले, दुकानातल्या ऑर्डरबद्दल बोलले, आणि ती व्हय व्हय म्हणत राहिली, आणि दोघींनी फोन ठेवला.

आता इथं बसून वाटतं, आम्ही दोघी एकमेकींना सायच दाखवतोय. तिला कुणी धमकावलं असेल, किंवा तिच्या सहीचा कागद कुणी बदलला असेल, किंवा तिनंच थकून पुन्हा तपासलं म्हणून लिहून दिलं असेल आणि त्याची लाज तिला घरी येऊ देत नसेल. यातलं काहीही मला ‘बरी आहेस ना’ विचारून कळणार नाही. ते कळायचं तर मला आधी माझा खोटा संघ तिच्यापुढं मांडावा लागेल. ती चिडेल. मागच्या बाजूनं कोण बघतंय ते शोधून काढण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला कळेल की मागं तिची आईच उभी होती. कदाचित त्यानंतर ती गटच सोडेल, आणि मला तिचा संघही दिसणार नाही.

मी ह्यांना हलवून उठवलं. "अहो, मी महेश्वरीला फोन करते."

"आता? झोपली असंल. सकाळी कर की."

"सकाळी ती तयार असेल."

"कशाला तयार?"

"बरी हाय म्हणायला."

ते उठून बसले. मग टेबलावरचा माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. "स्पीकरवर ठेव," म्हणाले.

झोपेतून उठलेलं माणूस पहिल्या वाक्याला खरं बोलतं. साय धरायला दुधाला थोडा वेळ लागतो, हे तिनंच शिकवलंय. पहिलं वाक्य माझं काय असणार, तेही मी ठरवलंय: महेश्वरी, मी निंगप्पा बोलतेय, तुझा कॅप्टन जायबंदी आहे आणि तू तो बदललेला नाहीस. काय झालंय ते सांग.

मी नंबर लावते आहे.